गंडगाय गांवाचीं साधनें : विराजुरी लोक, वसाहतवाले व १८५२ चा महापूर

प्रस्तुत लेखांत आम्ही ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या गंडगाय नांवाच्या एका लहानशा शेतकरी गांवाच्या इतिहासाचा, व विशेषतः त्या इतिहासाच्या साधनांचा, विचार करणार आहों. सिडनी शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें ३९० किलोमीटरांवर मरंबिजी नदीच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. विषय आमच्या वाचकांच्या नेहमींच्या वाटेवरचा नाहीं, हें खरें. तथापि ज्यास जुन्या कागदांचा नाद आहे त्यास या गांवीं असा एक प्रश्न सांपडतो कीं, तो त्याच्या रोजच्या कामाच्या मुळाशींच जाऊन भिडतो. एकाच भूमीवर दोन समाज नांदले. पैकीं एकाजवळ दप्तर होतें, दुसऱ्याजवळ नव्हतें. ज्याचें दप्तर त्याचाच इतिहास असें मानून चाललें तर त्या भूमीचा निम्म्याहून अधिक वृत्तांत गळून पडतो. आणि जें दप्तरांत नाहीं तें ऐकीव म्हणून सरसकट पत्करलें तर संशोधन म्हणून कांहीं उरत नाहीं. या दोहोंमधून वाट कशी काढावयाची, तें गंडगायच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

गंडगायची भूमि विराजुरी नामक मूळ रहिवाशांची. न्यू साउथ वेल्समधील मूळ रहिवाशांच्या मोठ्या भाषासमूहांत विराजुरींची गणना होते. लॅक्लन, मॅक्वारी व मरंबिजी या तीन नद्यांच्या खोऱ्यांतून त्यांचा प्रदेश पसरला आहे, व आजहि ते स्वतःस तीन नद्यांचे लोक म्हणवितात. नदींतील मासे व शिंपले, रानांतील कंद, पॉसम व कांगारू यांवर त्यांचा निर्वाह चाले. उन्हाळ्यांत आग्नेयेकडील उंच डोंगरांत बोगाँग नांवाचे पतंग खडकांच्या कपारींत लाखांनीं येऊन बसतात. ते गोळा करून, भाजून व पंख झाडून खाण्यासाठीं निरनिराळ्या टोळ्या तेथें जमत. या प्रथेचें आरंभींचें वर्णन जॉर्ज बेनेट या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८३४ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांत आहे. बेनेट १८३२ च्या सुमारास याच टापूंत हिंडला होता. परंतु अशा वृत्तांतांचा उपयोग करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. १८२९ ते १८३१ च्या दरम्यान अंतर्भागांत देवीची सांथ फिरून गेली होती. म्हणजे गोऱ्या प्रवाशांनीं ज्या समाजाचीं टिपणें केलीं तो आधींच रोगानें खंगलेला समाज होता. ‘येथें वस्ती विरळ’ असा शेरा त्या टिपणांत आढळला तर तो त्या वर्षापुरता खरा मानावा. पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून तो चालावयाचा नाहीं.

गांवाच्या नांवाविषयींहि मतभेद आहे. विल्यम हचिन्सन याच्या नांवें १८३८ सालीं ‘गंडगेर’ नांवाचें एक चराऊ रान नोंदलेलें होतें, त्यावरून हें नांव आलें असें एक मत. आल्फ्रेड हाउइट या मानववंशशास्त्रज्ञानें ‘हातकुऱ्हाडीनें गुडघ्याच्या मागें केलेला घाव’ असा अर्थ नोंदविला आहे. दोन्ही विधानांत विरोध असेलच असें नाहीं, कारण रानाचें नांवहि मुळांत स्थानिक भाषेंतूनच उचललेलें असणार. मूळ शब्द लिहून घेणाऱ्याच्या कानाला जसा ऐकूं आला तसा तो कागदावर उतरला, एवढेंच निश्चित म्हणतां येतें. मोडी कागदांतील गांवांचीं नांवें लावतांना आमची जी तारांबळ उडते, तिचाच हा प्रकार.

आतां वसाहतवाल्यांच्या दप्तराकडे वळूं. १८२४ सालीं ह्यूम व होव्हेल यांची तुकडी या प्रदेशांतून दक्षिणेस गेली. १८२९ सालीं चार्ल्स स्टर्ट हा मरंबिजीच्या प्रवाहानें खालीं निघाला तेव्हां या भागांत गुरांचीं ठाणीं अगोदरच पडलेलीं त्यानें पाहिलीं. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हीं ठाणीं सरकारच्या आज्ञेनें पडलेलीं नव्हतीं. सरकारनें ठरवून दिलेल्या एकोणीस परगण्यांच्या सीमेपलीकडे वसण्यास मनाई होती, आणि गंडगाय त्या सीमेच्या बाहेर होतें. म्हणजे इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनेंहि हे आरंभींचे गोरे पशुपालक बेकायदेशीर घुसलेलेच होते. पुढें १८३६ च्या कायद्यानें सालीना दहा पौंड भरून चराईचा परवाना मिळूं लागला, व जें बळानें घेतलें तें पैशानें नियमित झालें.

या परवान्यास आमच्याकडील सनद समजूं नये. त्यानें जमिनीची मालकी येत नसे, केवळ जनावरें चारण्याची मुभा मिळे. पण मालकी नव्हती तर ती कोणाची होती? याचें उत्तर १८३५ च्या एका जाहीरनाम्यांत सांपडतें. मेलबर्नच्या बाजूस जॉन बॅटमन नांवाच्या गृहस्थानें तेथील मूळ रहिवाशांशीं जमिनीचा करार केल्याचें जाहीर केलें होतें. गव्हर्नर बर्क यानें तो करार रद्दबातल ठरविला व सांगितलें कीं, राजाच्या परवानगीवांचून मूळ रहिवाशांकडून जमीन घेणारा मनुष्य सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा समजला जाईल. शब्दांत नसला तरी अर्थ असा कीं, या भूमीस पूर्वीं धनी नव्हता. ‘अस्वामिक भूमि’ या अर्थाची लॅटिन संज्ञा पुढें या सिद्धान्तास चिकटली. खुद्द जाहीरनाम्यांत ती नाहीं. हा सिद्धान्त ३ जून १९९२ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानें माबो खटल्याच्या निकालांत मोडून काढला. तोंपर्यंत दीडशें वर्षांहून अधिक काळ गंडगायच्या प्रत्येक खरेदीखताच्या तळाशीं तोच होता. आमच्याकडे मराठेशाही बुडवून इंग्रजांनीं प्रदेश घेतला तेव्हां त्यांनीं निदान इनामांची चौकशी मांडली, जुने हक्क तपासले, कांहीं राखले व पुष्कळ बुडविले. विराजुरींच्या बाबतींत बुडविण्यासाठीं सुद्धां हक्काची नोंद झाली नाहीं.

असा प्रदेश भांडल्यावांचून हातचा जात नाहीं. विराजुरी मुलुखाच्या उत्तर भागांत बॅथर्स्ट येथें १८२४ सालीं गव्हर्नर ब्रिस्बेन यानें १४ ऑगस्टपासून ११ डिसेंबरपर्यंत लष्करी कायदा पुकारला होता. विंड्रडाइन हा तेथील विराजुरींचा पुढारी प्रसिद्ध आहे. मरंबिजीच्या खालच्या अंगास नॅरंडेराच्या आसपास १८३९ ते १८४१ च्या दरम्यान पुन्हां झुंजी झाल्या, व तेथील नदींतील एका बेटास ‘खुनाचें बेट’ या अर्थाचें इंग्रजी नांव राहून गेलें. त्या काळच्या वसाहतींतील कागदांत ‘पांगविणें’ हें क्रियापद वारंवार भेटतें. काळ्या लोकांस पांगविलें, असें लिहिलेलें असतें. जनावरें व माणसें यांस एकच क्रियापद लावणारा लेखक आपणांस बंदुकीचे बार किती झाले हें सांगणार नाहीं. अशा जागीं शब्द वाचतांना तो लिहिण्यांत कोणाचा कोणता लाभ होता हें पाहावें लागतें.

गंडगायची नगर म्हणून सरकारी राजपत्रांत नोंद झाली ती १८३८ सालीं. त्याच सालच्या १० जून रोजीं उत्तरेस दूरवर मायॉल क्रीक येथें निदान २८ निःशस्त्र मूळ रहिवाशांची कत्तल झाली. या प्रकरणीं सात गोऱ्या इसमांस डिसेंबरांत फांशी देण्यांत आलें. असा न्याय त्या वसाहतींत अपूर्व होता. त्या खटल्याचा येथें उल्लेख करण्याचें कारण साक्षीचा प्रश्न हें होय. घटनेची माहिती असलेला एक मूळ रहिवासी उपलब्ध असतांहि त्याची साक्ष घेतां आली नाहीं. तो ख्रिस्ती नव्हता, सबब त्यास शपथ देतां येईना. न्यू साउथ वेल्समध्यें शपथेवांचून साक्ष देण्याची मोकळीक १८७६ च्या कायद्यानें झाली. याचा परिणाम इतिहासाच्या साधनांवर काय झाला असेल, तो आमच्या महजरांशीं ताडून पाहावा. आमच्याकडे वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत बसे, मिरासदार व बलुतेदार यांच्या तोंडच्या साक्षी होत, आणि निवाडा महजराच्या रूपानें कागदावर उतरे. महजरांतील बहुतेक मजकूर मुळांत तोंडीच असतो. पण बोलणाऱ्याचें बोलणें ऐकावें असें ठरलें होतें, म्हणून आज तो आमच्या दप्तरांत आहे. विराजुरी म्हाताऱ्यांनाहि आपली चतुःसीमा सांगतां येत होती. कोणता ओढा कोणाचा, कोणत्या टेकडीपलीकडे परवानगीवांचून जावयाचें नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांच्यापुढें कारकून बसला नाहीं, एवढाच फरक.

नव्या नगराची आंखणी मोठी मौजेची आहे. रस्त्यांस होमर, व्हर्जिल, ओव्हिड, बायरन, शेरिडन अशीं कवींचीं व नाटककारांचीं नांवें दिलेलीं. जवळच्या टेकडीचें नांव पार्नासस, म्हणजे ग्रीकांच्या कलादेवतांचें निवासस्थान. नकाशा करणाऱ्याची विद्वत्ता दांडगी खरी, पण नदीचा स्वभाव त्यास ठाऊक नव्हता. नगर बसविलें तें मरंबिजी व तिला मिळणारा मॉर्ली ओढा यांच्या मधल्या सपाटीवर, म्हणजे पुराच्या वाटेंतच. सिडनीहून मेलबर्नकडे जाणारा रस्ता येथें नदी ओलांडी, तराफ्यावरून गाड्या पार होत, व म्हणून खाणावळी आणि दुकानें नदीला चिकटून मांडण्यांत लोकांचा फायदा होता. या सपाटीवर पाणी चढतें, येथें राहूं नका, असें विराजुरींनीं आरंभींच बजावलें होतें, असें दोन्ही समाजांच्या परंपरेंत सांगतात. १८४४ सालीं मोठा पूर येऊन गेला, तरी गांव जागचें हाललें नाहीं. १८५१ सालीं बॅथर्स्टकडे सोनें लागल्याची बातमी फुटली व पाठोपाठ व्हिक्टोरियांतहि सोनें निघालें. मग तर रस्त्यावरची वर्दळ दुणावली.

१८५२ च्या जून महिन्याच्या २४ व २५ तारखांस मरंबिजीला महापूर आला. जून म्हणजे तिकडील ऐन हिंवाळा. पाणी बर्फासारखें थंड. लोक प्रथम माळ्यांवर चढले, मग छपरांवर, आणि घरें कोसळूं लागलीं तसे झाडांवर. गांवाची वस्ती सुमारें २५० होती. मृतांचा आंकडा निरनिराळ्या ठिकाणीं ७८ पासून ८९ पर्यंत दिलेला आढळतो. ऑस्ट्रेलियाच्या लिखित इतिहासांत पुरानें एकाच ठिकाणीं इतकी प्राणहानि क्वचितच झालेली आहे. जुनें गांव जवळजवळ समूळ धुऊन गेलें.

या पुरांत विराजुरी पुरुषांनीं झाडाच्या सालीच्या होड्यांतून लोक वांचविले. यारी, जॅकी जॅकी, लाँग जिमी हीं नांवें टिकलीं आहेत. सोबत आणखीहि कोणी होते. सालीची होडी म्हणजे काय, हें समजल्यावांचून त्यांच्या कामाची कल्पना यावयाची नाहीं. नदीकांठच्या मोठ्या गम वृक्षाची साल एका तुकड्यांत सोलून काढतात, विस्तवावर शेकून तिला आकार देतात, आणि उभ्यानें किंवा गुडघ्यांवर बसून काठीनें वा सालीच्याच तुकड्यानें ती हांकतात. शांत पाण्यांत मासे मारण्यास ती उत्तम. पण तिला कण्या नसतो, कांठ पाण्यापासून चार बोटें वर. अशी होडी वाहत्या ओंडक्यांतून, रात्रीं, झाडाच्या फांदीखालीं नेऊन गारठलेल्या माणसास तींत उतरवून घ्यावयाचें, तेंहि बहुधा एका खेपेस एकच. यारीनें अशा खेपा केल्या. जॅकी जॅकीजवळ याहून मोठी होडी होती असें सांगतात.

किती लोक वांचले? यारीनें एकट्यानें ४९, व सर्वांनीं मिळून ६८ किंवा ६९, असा आंकडा गांवांत रूढ आहे. कांहीं लेखक केवळ ‘चाळीसांहून अधिक’ एवढेंच म्हणतात. पुराच्या रात्रीं कोणी नोंदवही घेऊन बसलें नव्हतें, हें उघड आहे. परंतु आंकड्यांत इतका फरक असला तरी त्यांतून एक हिशेब निघतो. वस्ती २५० व मृत ७८ ते ८९ धरले तर जिवंत राहिले सुमारें १६१ ते १७२. त्यांपैकीं चाळीस धरा कीं एकूणसत्तर धरा, उरलेल्या गांवाचा चौथा हिस्सा ते दोन पंचमांश एवढा भाग सालीच्या होड्यांतून कांठाला लागला. वाटसरूंची संख्या निराळी असल्यामुळें हा हिशेब ढोबळ आहे. पण लहान आंकडा घेतला तरी निष्कर्षाला बाध येत नाहीं. आमच्या मतें गंडगायच्या अभ्यासकानें ४९ कीं ४८ या वादांत शक्ति खर्चण्यापेक्षां हा मुद्दा पुढें ठेवावा.

आतां या गोष्टीस पुरावा काय, याकडे येऊं. पुराची बातमी सिडनीच्या वर्तमानपत्रांत छापून आली. मृतांचीं नांवें, बुडालेलीं दुकानें, वाहून गेलेला माल यांचा तपशील त्यांत मिळतो. सुटका करणाऱ्यांचीं नांवें मात्र पुष्कळ अंशीं वांचलेल्यांच्या कुटुंबांतून सांगितलीं गेलीं व उत्तरकाळीं स्थानिक पत्रांतून स्थिरावलीं. म्हणजे गोऱ्या घराण्यांची तोंडी परंपरा व विराजुरींची तोंडी परंपरा अशा दोन स्वतंत्र धारा येथें एकमेकींस मिळतात. ज्या कुटुंबास हें ऋण कबूल करण्यांत कांहीं मिळवावयाचें नव्हतें, त्याच कुटुंबानें तें पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें. हा पुरावा आम्ही वजनदार मानतों. आपल्या येथें बखरीपेक्षां अस्सल पत्र श्रेष्ठ हा दंडक राजवाड्यांनीं घालून दिला, व तो योग्यच आहे. पण जेथें अस्सल पत्र लिहिणारा एकाच पक्षाचा आहे तेथें त्या पत्राचें मौन हा पुरावा होत नाहीं, ही पुरवणी त्या दंडकास जोडावयास हवी.

नांवांविषयीं एक इशारा. यारीचें नांव निदान चार प्रकारें लिहिलेलें आढळतें. जॅकी जॅकी हें तर वसाहतवाल्यांनीं कितीएक मूळ रहिवाशांस सरसकट दिलेलें नांव. १८४८ सालच्या केनेडीच्या मोहिमेंत नांवारूपास आलेला जॅकी जॅकी हा अगदीं निराळा मनुष्य, उत्तरेकडचा. त्यासहि गव्हर्नराकडून छातीवर बांधावयाचा पट्टा मिळाला होता. आणखी गंमत अशी कीं, विल्यम वेस्टवुड नांवाचा एक गोरा दरोडेखोरहि याच टोपणनांवानें ओळखला जाई. तो १८४६ सालीं नॉर्फोक बेटावर फांशीं गेला. तेव्हां केवळ नांव जुळलें म्हणून कागद गंडगायच्या वीरास चिकटवूं नये.

वर पट्ट्याचा उल्लेख आला. संग्राहकांच्या दृष्टीनें हा विषय महत्त्वाचा असल्यानें त्यावर थोडें विस्तारानें लिहितों. हे पट्टे बहुधा पितळेचे, अर्धचंद्राकृति, सांखळीनें गळ्यांत अडकवून छातीवर रुळतील असे. मूळ कल्पना इंग्रजी लष्करी अंमलदारांच्या गळपट्ट्याची. न्यू साउथ वेल्समध्यें ही चाल गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी यानें पाडली. १८१५ सालीं त्यानें बंगरी नामक पुढाऱ्यास ‘ब्रोकन बे टोळीचा मुख्य’ अशा अर्थाचा लेख कोरून पट्टा दिला. (हा मॅक्वारी मुंबईच्या इतिहासास अनोळखी नाहीं. ७७ व्या पलटणींतून तो १७८८ सालीं मुंबईस आला, १७९३ सालीं त्याचें पहिलें लग्न तेथेंच झालें, व १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत तो हजर होता. हिंदुस्थानांत संस्थानिकांस वस्त्रें, पोशाख, पदव्या देऊन वश ठेवण्याची रीत त्यानें पाहिलेली होती. पट्ट्यांची कल्पना तेथूनच निघाली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.) पुढें मोठमोठे पशुपालकहि असे पट्टे करवून वांटूं लागले. त्यांवर ‘अमक्या ठिकाणचा राजा’ असें कोरलेलें असे. विराजुरींत राजा नव्हता. वडीलधाऱ्यांच्या मतानें कारभार चाले. तेव्हां ‘राजा’ हा शब्द देणाऱ्याच्या सोयीचा. पट्टा पाहून टोळीची राज्यपद्धति ठरविणें चूक; त्यावरून फार तर कोणत्या गोऱ्याचा कोणत्या मूळ रहिवाशाशीं व्यवहार होता तें समजेल.

गंडगायचे पट्टे या सर्वांहून वेगळे, कारण ते राजेपणासाठीं नव्हत, पुरांतील कृत्यासाठीं दिलेले आहेत. यारी व जॅकी जॅकी या दोघांसहि असे पट्टे मिळाले. पैकीं एक गंडगायच्या संग्रहालयांत आहे. शिवाय गांवच्या रहिवाशांपाशीं सहा पेन्स मागण्याचा त्यांस हक्क राहील असें ठरल्याचें सांगतात. आमच्या वाचकांस येथें ताम्रपट आठवेल. पण ताम्रपटांत भूमि दिल्याचा लेख असतो. येथें ज्यांची भूमि घेतली त्यांस धातूचा तुकडा व सहा पेन्स मिळाले. यारीस पुढें त्याच गांवांत निदान एकदां वाईट वागणूक मिळाल्याचाहि उल्लेख आहे. तो १८८० सालीं वारला व गंडगायच्या दफनभूमींत पुरला गेला.

असे पट्टे बाजारांत येतात व त्यांना किंमतहि चांगली येते, म्हणून संग्राहकांस स्पष्ट सांगणें आवश्यक आहे. कित्येक पट्टे धन्याबरोबर पुरले गेले व नांगरटींत किंवा थडग्यांतून वर आले. सांपडल्याच्या जागेचा विश्वसनीय वृत्तांत नसलेला पट्टा म्हणजे बहुधा उकरलेल्या थडग्याचा ऐवज समजावा. असा पट्टा विकत घेण्यापेक्षां त्या टोळीच्या वंशजांस कळविणें हेंच योग्य. वृत्तांत तुटलेली वस्तु संशोधनाच्या कामाची राहत नाहीं, ही गोष्ट आमच्याकडील नाणीं व ताम्रपट विकणाऱ्यांच्या दुकानीं ज्यानें पाहिली आहे त्यास निराळी पटवावी लागणार नाहीं.

१८५३ सालीं पूर्वीच्याहून अधिक उंचीचा पूर आला, तेव्हां कोठें गांव पार्नाससच्या उतारावर व नदीपलीकडील दक्षिण गंडगायच्या चढावर हाललें. १८६७ सालीं प्रिन्स आल्फ्रेडच्या नांवाचा लोखंडी पूल पुरा झाला. १८६१ च्या रॉबर्टसनच्या कायद्यांनीं मोठ्या चराऊ रानांतून चाळीस ते तीनशें वीस एकरांचे तुकडे एकरीं एक पौंड दरानें, पांच शिलिंग आगाऊ भरून, निवडून घेण्याची मुभा झाली. लहान शेतकरी आले, कुंपणें पडलीं. १८८६ सालीं आगगाडी आली व जवळजवळ एक शतक चालून १९८४ सालीं बंद पडली. शेतीच्या इतिहासाचा हा भाग कागदोपत्रीं भरपूर आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. एवढेंच नमूद करतों कीं, कुंपण पडल्यानें विराजुरींची जी वाट चराऊ रानांच्या काळींहि कशीबशी मोकळी राहिली होती ती बंद झाली. मेंढरें राखणें, लोंकर कातरणें, पिकांची कापणी या कामांत ते राबत राहिले. पण राहण्यास जागा उरली ती सरकारनें नेमून दिलेल्या वस्त्यांची.

अशी एक वस्ती गंडगाय व ट्यूमट यांच्या दरम्यान ब्रंगल येथें झाली. १८८३ सालीं प्रांतांत मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणाचें’ मंडळ स्थापन झालें. १९०९ च्या कायद्यानें त्यास अधिकार मिळाले, आणि १९१५ च्या दुरुस्तीनें आईबापांच्या संमतीवांचून, न्यायालयाकडे न जातां, मुलें उचलून नेण्याची सत्ता त्याच्या हातीं आली. गंडगायच्या उत्तरेस जवळच असलेल्या कूटामंड्रा येथें जुन्या रुग्णालयाच्या इमारतींत १९११ पासून १९६८ पर्यंत मुलींचें ‘गृह’ चालत होतें. तेथें त्यांस घरकामाची शिकवण देऊन गोऱ्या घरीं चाकरीस पाठवीत. ज्या समाजाच्या पुरुषांनीं एका रात्रीं गोऱ्या घरांतील मुलें झाडांवरून उतरवून घेतलीं, त्याच समाजाचीं मुलें दोन पिढ्यांनीं अशीं नेण्यांत आलीं. १९१६ ते १९२८ या काळांतील अशा मुलांची मंडळाची नोंदवही प्रांताच्या दप्तरखान्यांत आहे. या वहीपुढें आमच्या पूर्वीच्या तक्रारीचा रोख फिरतो. ज्यांची चतुःसीमा लिहिण्यास कारकून मिळाला नाहीं, त्यांच्या मुलांचीं नांवें, वयें, नेण्याचीं कारणें लिहिण्यास तो वेळेवर हजर होता. १९९७ सालच्या राष्ट्रीय चौकशीच्या अहवालानें या प्रकारास जाहीर वाचा फोडली, व १३ फेब्रुवारी २००८ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं संसदेंत क्षमा मागितली. ज्या कुटुंबांच्या मुलांचीं नांवें अशा नोंदींत आहेत त्यांस त्या प्रथम पाहावयास मिळाव्या, बाकीच्यांनीं थांबावें, हा क्रम आम्हांस सर्वथा मान्य आहे, मग संशोधकाचा खोळंबा झाला तरी हरकत नाहीं.

ब्रंगलच्या संबंधांत आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. ९ मे १९२७ रोजीं कॅनबेरा येथें ड्यूक ऑफ यॉर्कच्या हस्तें नव्या संसदगृहाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं जिमी क्लेमेंट्स व जॉन नोबल हे दोन वृद्ध विराजुरी ब्रंगलहून डोंगर तुडवीत पायीं गेले. क्लेमेंट्सचें वय ऐंशीच्या घरांत होतें. त्याचा वेष पाहून पोलिसानें त्यास हटकलें, तेव्हां जमलेल्या लोकांनीं त्याची बाजू घेऊन गलका केला व तो राहिला. दुसऱ्या दिवशीं ड्यूक व डचेस यांच्यापुढें त्यास नेण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं त्याचें छायाचित्र ‘किंग बिली’ या ठरीव नांवाखालीं छापलें, म्हणजे पट्ट्यावरचाच लेख येथें शाईंत उतरला. या भूमीवर आपला हक्क आहे म्हणून आपण आलों, असा त्याच्या येण्याचा अर्थ त्या समारंभाच्या वृत्तांतांतूनहि लपत नाहीं. तो त्याच सालीं वारला.

गंडगायच्या साधनांत कागदाबाहेरचीं साधनें दोन प्रकारचीं. एक वृक्ष. होडीसाठीं, ढालीसाठीं वा पात्रासाठीं साल काढली म्हणजे खोडावर लांबट व्रण राहतो, आणि वृक्ष जगला तर व्रणाच्या कडा जाड होत जातात. मरंबिजीच्या खोऱ्यांत असे वृक्ष अद्याप आहेत. व्रणाची लांबी, जमिनीपासून उंची, कडांची वाढ, कुऱ्हाड दगडाची होती कीं लोखंडाची, या गोष्टी पाहून जाणते लोक त्याचा काळ व उपयोग अदमासतात. आमच्या वीरगळांप्रमाणें हे वृक्षहि जागेवरच वाचावयाचे असतात. फरक इतकाच कीं, वीरगळ मरत नाहीं, वृक्ष मरतो, म्हणून त्यांचीं मापें व छायाचित्रें वेळींच घेतलेलीं बरीं.

दुसरें साधन भाषा. वेलिंग्टन व्हॅली येथील ख्रिस्ती मिशनांत, जें १८३२ सालीं सुरू झालें, जेम्स गुंथर या मिशनऱ्यानें विराजुरीचें व्याकरण व शब्दसंग्रह तयार केला. धर्मप्रसारासाठीं केलेलें तें हस्तलिखित १८९२ सालीं जॉन फ्रेझर यानें संपादिलेल्या ग्रंथांत छापून निघालें. पुढें भाषा बोलणाऱ्यांची संख्या अगदीं रोडावली. तेव्हां वडीलधाऱ्यांपासून मिळालेलें ज्ञान व असे जुने संग्रह यांचा मेळ घालून स्टॅन ग्रँट (थोरले) व जॉन रडर यांनीं विराजुरीचा नवा शब्दकोश सिद्ध केला, आणि चार्ल्स स्टर्ट विद्यापीठांत २०१४ पासून या भाषेचा अभ्यासक्रम सुरू झाला. ज्या नदीनें स्टर्ट गेला तिच्या कांठीं त्याच्या नांवाच्या विद्यापीठांत आतां विराजुरी शिकवितात. अनिटा हाइस या विराजुरी लेखिकेची १८५२ च्या पुरावरील कादंबरी २०२१ सालीं निघाली. तिचें नांवहि विराजुरींत आहे.

ज्यांस या विषयाचा पुढें शोध घ्यावयाचा असेल त्यांच्या सोयीसाठीं थोडें सांगून लेख पुरा करतों. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ‘ट्रोव्ह’ या नांवानें जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह घरबसल्या पाहण्यासाठीं खुला केला आहे. त्यांत यारीचें नांव शेवटीं ई, वाय, आय-ई व दुहेरी ई अशा सर्व वर्णक्रमांनीं शोधावें, व ‘ब्लॅक’ हा शब्द जोडूनहि शोधावें, कारण पुष्कळ ठिकाणीं नांव न देतां तेवढाच निर्देश आहे. राजपत्रांतील चराईच्या परवान्यांच्या याद्या १८३६ नंतरच्या पाहाव्या. कॅनबेरा येथें १९६४ सालीं स्थापन झालेल्या मूळ रहिवाशांच्या अभ्याससंस्थेंत ध्वनिमुद्रित आठवणी आहेत. त्यांपैकीं कांहीं समाजाच्या अनुज्ञेवांचून ऐकतां येत नाहींत, तेव्हां पत्रव्यवहार अगोदर करावा. गंडगायच्या मुख्य रस्त्यावर २०१७ सालीं यारी व जॅकी जॅकी यांचा कांस्यपुतळा उभारला असून, होडीसह दोघे तेथें दाखविले आहेत; तो रस्ता शेरिडनच्या नांवाचा आहे.